रँच, वाडी आणि आजोळ : मुलींच्या सुट्टीची कादंबरी आणि मुंबईचा मराठी बालवाचक

'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' (१९००) या कथेमुळे जगभर नाव झालेल्या एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाने 'ईडिथ व्हॅन डाइन' हे स्त्रीनाम धारण करून मुलींसाठी दहा कादंबऱ्यांची एक माला लिहिली. १९०६ साली सुरू झालेल्या या मालेतील आठवी कादंबरी, 'आण्ट जेन्स नीसेस ऑन द रँच', १९१३ साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक थोडक्यात सांगता येते. लुईस, बेथ आणि पॅट्सी या परस्परांच्या नात्यातल्या तीन मुली. त्यांपैकी लुईसचे लग्न झाले आहे आणि पती आर्थर वेल्डन याच्यासह ती कॅलिफोर्नियातील एका रँचवर राहते. तिला मुलगी झाली आहे. बेथ आणि पॅट्सी आपल्या लक्षाधीश अंकल जॉनसमवेत तिच्याकडे राहावयास येतात. रँचवरचे घर जुन्या स्पॅनिश मालकाने बांधलेले, जाड मातीच्या भिंतींचे आहे. एके दिवशी तान्ही मुलगी आणि तिला सांभाळणाऱ्या दोघी जणी, एक मेक्सिकन आणि एक गोरी, नाहीशा होतात. भिंतीच्या पोटात दडलेल्या गुप्त खोलीचा उलगडा होईपर्यंत कथा वाचकाला सोडत नाही.

वाङ्मयीन गुणवत्तेच्या दृष्टीने ही कादंबरी फार वरच्या दर्जाची नव्हे. पात्रे ठोकळेबाज आहेत, योगायोग मुबलक आहेत आणि मेक्सिकन चाकरांचे चित्रण आज वाचताना खटकते. तरीही मराठी बालसाहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे, याला एक कारण आहे. मुलींनी सुट्टीत घराबाहेर, मोकळ्या जागी जावे, तेथे काही घडावे आणि जे घडते ते त्यांच्या बुद्धीने व धैर्याने सुटावे, या सूत्रावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कादंबऱ्यांची एक मोठी शाखा फोफावली. मराठीत या सूत्राला नाव घेण्याजोगी परंपरा लाभली नाही. मराठी लेखकांची कल्पनाशक्ती तोकडी पडली, किंवा मराठी समाज मुलींच्या बाबतीत मागास होता, अशी दोन उत्तरे यावर सहज दिली जातात. पहिले उत्तर लेखकांवर अन्याय करणारे आहे, तर दुसरे इतके सर्वसाधारण आहे की त्याने काहीच स्पष्ट होत नाही. बॉमची कादंबरी मराठीत आणावयाची असे क्षणभर कल्पून भाषांतरकाराच्या मेजाशी बसले, तर याहून नेमके उत्तर हाती लागण्याची शक्यता आहे.

पहिली अडचण शीर्षकातच उभी राहते. आण्ट जेन ही लुईसच्या वडिलांची बहीण, म्हणजे लुईसची ती आत्या. बेथ आणि पॅट्सी यांच्या आया मात्र जेनच्या बहिणी, म्हणून त्या दोघींची ती मावशी. अंकल जॉन हा या सर्व भावंडांपैकी एक. तो लुईसचा काका, परंतु बेथ व पॅट्सी यांचा मामा. इंग्रजीत 'अंकल' आणि 'आण्ट' या दोन शब्दांनी तिन्ही मुली एका पातळीवर आणून ठेवल्या आहेत. नात्याची दिशा पुसली गेल्याने त्या केवळ 'नीसेस' उरतात आणि त्यामुळेच एक गट म्हणून वावरू शकतात. मराठीत ती दिशा पुसता येत नाही. 'काका' आणि 'मामा' हे दोन शब्द उच्चारताच दोन घरे, दोन प्रकारचे हक्क आणि दोन प्रकारचे लाड वाचकाच्या मनात जागे होतात. लुईस ही जॉनची पुतणी आणि उरलेल्या दोघी त्याच्या भाच्या, हे कळताच मराठी वाचक त्यांच्यात मनोमन डावे-उजवे करू लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बेथ आणि पॅट्सी ज्या घरी जातात ते मराठी हिशेबाने कोणाचे घर? लुईस त्यांची मामेबहीण, म्हणजे ते मामेबहिणीचे सासर. मामाच्या गावाला जाणे मराठी मुलीला ठाऊक आहे. ग. दि. माडगूळकरांच्या आगीनगाडीच्या बालगीताने तो प्रवास पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसविला आहे. परंतु मामेबहिणीच्या सासरी, सुट्टीभर, आईवाचून जाऊन राहणे हे मराठी कुटुंबव्यवस्थेत सहसा संभवत नाही. बॉमच्या कथेत ते संभवते, कारण लुईसच्या त्या घरात सासू नाही. रँच म्हणजे मोकळे आकाश, घोडे आणि दूरवर पसरलेली जमीन, हे तिचे बाह्य वर्णन झाले. मुलींच्या कादंबरीच्या रचनेत तिचे कार्य वेगळेच आहे. रँच हे असे घर आहे की ज्यात कोणाचेच माहेर नाही आणि कोणाचेच सासर नाही. सुट्टीची कादंबरी या रिकाम्या जागेवर उभी राहते.

दुसरी अडचण 'रँच' या शब्दाची. 'कुरण' म्हटले तर माणसांची वस्ती हरवते आणि 'मळा' म्हटले तर देशावरची मोट डोळ्यांपुढे येते. बॉमची ही रँच गुरांपेक्षा फळझाडांची असल्यामुळे तिला सर्वांत जवळचा मराठी शब्द 'वाडी' हाच ठरेल. नारळी-पोफळीची, आंब्या-फणसाची, मध्ये घर असलेली कोकणातील वाडी. हा शब्द सुचताच मुंबईच्या वाचकाला एक मौज जाणवेल. गिरगावातला मराठी माणूस पूर्वापार 'वाडी'तच राहत आला आहे. खोताची वाडी, आंग्रेवाडी, झावबाची वाडी ही नावे मालकांची वा घराण्यांची, तर फणसवाडी आणि केळेवाडी यांनी झाडांची आठवण नावात जपली आहे. दोन-तीन मजली चाळींच्या कोंदट खोल्यांतून मे महिन्यात जी मुलगी कोकणातल्या वाडीत जावयास निघे, ती एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जात असे. शब्द एकच, आणि पुष्कळदा माणसेही तीच. शेजारच्या बिऱ्हाडातील मंडळी त्याच बोटीवर, त्याच बंदरात उतरणारी. अपरिचित प्रदेशात पाऊल टाकण्याचा जो अनुभव साहसकथेच्या मुळाशी असतो, त्याला येथे वाव कमीच होता.

प्रवासाची सामग्री मात्र विपुल होती. कोकण रेल्वे सर्व मार्गावर १९९८ मध्ये धावू लागली. त्यापूर्वी कितीतरी दशके भाऊच्या धक्क्यावरून निघणारी बोट हेच दक्षिण कोकणात जाण्याचे मोठे साधन होते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मुले पाढ्यासारखी पाठ म्हणत. जेथे धक्का नव्हता तेथे भर समुद्रात बोटीतून पडावात उतरावे लागे, आणि त्या उतरण्यात थरार काही कमी नव्हता. शिवाय या सुट्टीला एक नैसर्गिक मुदत होती. पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक बंद पडे. म्हणजे वार्षिक परीक्षा संपल्यापासून 'आगोट' लागेपर्यंतचा काळ, एवढीच सुट्टी. शेवटची बोट चुकली तर काय, हा प्रश्न कोणत्याही कादंबरीकाराला कथानकाचा कणा म्हणून पुरला असता. तो मराठी कुमारकादंबरीत जवळजवळ वापरला गेलाच नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. बॉमला गुप्त खोली रचावी लागली. मराठी लेखकाला मोसमी वाऱ्याने कथानक आयतेच देऊ केले होते.

ते का घेतले गेले नाही, याचे उत्तर त्या 'आगोट' शब्दातच दडलेले आहे. मे महिना हा गिरगावातल्या मुलीच्या सुट्टीचा महिना, आणि तोच कोकणातल्या घराचा सर्वांत कामाचा महिना. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढी बेगमी उन्हे आहेत तोवर करून ठेवावयाची. आमसुले वाळवावयाची, आंब्याचे रस आटवून साठे घालावयाची, फणसपोळ्या, पापड, कुरडया, सांडगे, लोणची, शिवाय सरपण भरणे, गोवऱ्या रचणे. वर्षभर वाट पाहून माहेरी आलेली आई या कामात हौसेने शिरते, आणि दहा-बारा वर्षांची मुलगी तिच्यामागोमाग शिरते. मुलगे विहिरीत पोहतात, झाडांवर चढतात, करवंदांच्या जाळ्या धुंडाळतात. मुलीही ते करतात, परंतु वाळवणावरचे कावळे हाकण्याची पाळी संपल्यावर. आजोळच्या सुट्टीत मुलीला आनंद नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. वाळवणाच्या पापडाची ओली लाटी चोरून खाण्याचा आनंद काही थोडा नसतो. पण तो कामाच्या कडेकडेने वेचलेला आनंद होता, आणि साहसकथेला हवा असतो तो सलग मोकळा दिवस. त्यातून हा लग्नसराईचाही महिना. मुलगी चौदा-पंधरांची झाली की आजोळच्या माणसांची तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि सुट्टीची कथा पाहता पाहता सोयरिकीची कथा होते. बॉमच्या मालेतही लुईसचे लग्न झालेच आहे, हे विसरता येत नाही. फरक एवढाच की तेथे तिच्या लग्नाने इतर दोघींना एक नवी जागा मिळवून दिली.

आजवर 'मुंबईचा मराठी वाचक' असा एकवचनी उल्लेख करण्याची सवय समीक्षेला लागली आहे. या विषयात ती दिशाभूल करते. गिरगावची वाडी, दादरची इमारत आणि लालबाग-परळची चाळ यांत सुट्टीचे तीन वेगळे अर्थ आहेत. गिरणगावात कित्येक दशके पुरुष एकटा राहत असे. एका गावचे दहा-पंधरा जण एकत्र येऊन खोली चालवीत, पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. बायको आणि मुले गावी. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड या ताटातुटीतूनच जन्मली. अशा कुटुंबातील मुलीच्या दृष्टीने घर गावात होते आणि मुंबई हीच सुट्टीची जागा. मे महिन्यात आईबरोबर मुंबईस येऊन बापाला भेटणे, भायखळ्याची राणीची बाग पाहणे, चौपाटीवर जाणे, ट्रामच्या काळात ट्राममध्ये बसणे, हे तिचे साहस. येथे शहरातून निसर्गाकडे जाणारी रँचकथेची दिशा अगदी उलटी होते. पुढे कुटुंबे मुंबईत स्थिरावली तेव्हा गाव म्हणजे वडिलांचे घर, शिमग्याला आणि गणपतीला जावयाचे ठिकाण, असा अर्थ रूढ झाला. तेथे आई माहेरवाशीण नसते, सून असते, आणि मुलीच्या सुट्टीचा सारा पोत त्यामुळे बदलतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील पुष्कळांना गावाचा आश्रय घ्यावा लागला. त्या वर्षी आणि त्यानंतर गावी गेलेल्या मुलींची सुट्टी संपलीच नाही, काहींची तर शाळाही सुटली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने गिरणी कामगाराच्या घरातील त्या काळानंतरची पडझड रंगभूमीवर आणली. गावी पाठविल्या गेलेल्या मुलीची बाजू बालसाहित्यात मात्र आलेली नाही, आणि हे मौन रँचकथेच्या अभावापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

दादरचे प्रकरण निराळे. हिंदू कॉलनी आणि शिवाजी पार्क येथील शिक्षित कुटुंबांत मुलीला नात्याबाहेर नेणाऱ्या संस्था हळूहळू उभ्या राहत होत्या. शाळांच्या सहली होत्या, गाइडची पथके होती, १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची मुलामुलींची शिबिरे होती. शिबिर हेच खरे पाहता मराठी समाजाने घडविलेले, माहेरही नव्हे आणि सासरही नव्हे असे ठिकाण. तंबूत वा एखाद्या शाळेच्या वर्गात झोपावयाचे, स्वयंपाक मुलामुलींनी मिळून करावयाचा, आई नाही, मामी नाही. मुलींच्या सुट्टीकादंबरीला लागणारी सामाजिक जागा येथे तयार होती. परंतु शिबिरावर संस्काराचे, राष्ट्रकार्याचे ओझे इतके होते की त्यातून कथा निघालीच तर ती उद्बोधक होणार, हे जणू आधीच ठरून गेले होते. मराठी बालसाहित्याला बोधाचे वळण 'आनंद' मासिकाच्या (१९०६) आधीपासूनच होते. ज्यांनी ते सैल केले त्यांत भा. रा. भागवत यांचे स्थान मोठे आहे. १९५१ साली 'बालमित्र' सुरू करणाऱ्या भागवतांनी पुढे निर्मिलेला फास्टर फेणे सायकलवर टांग टाकून निघतो तो प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत जाऊन येतो. त्याला नात्याचे गाव लागत नाही. मराठी साहसकथेने नात्याबाहेरचा भूगोल मुलाला मुक्तहस्ताने दिला. मुलीला त्यात वाटा मिळाला तो बहुधा कोणाची तरी बहीण म्हणून. ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या'च्या जोडीला 'चिंगी' लिहून मुलीला तिच्या नावाचे स्वतंत्र पुस्तक दिले, ही गोष्ट म्हणूनच लक्षणीय आहे.

नात्याशिवाय प्रवास करणे हे चाळीतल्या मध्यमवर्गाला कसे वाटत होते, याचा एक अप्रत्यक्ष पुरावा विनोदी वाङ्मयात मिळतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये 'भ्रमण मंडळ' हे प्रकरण आहे. गिरगावातल्या प्रौढ माणसांनी निव्वळ हिंडण्यासाठी हिंडावयाचे ठरविणे हाच तेथे विनोदाचा विषय होऊ शकतो. जेथे थोरांचे पर्यटन हसण्यावारी जाते तेथे मुलींच्या पर्यटनाची गंभीर कथा लिहिली जाणे अवघडच होते. आणि तरीही मुलींना स्वतःविषयीच्या कथेची भूक होती. शांता शेळके यांनी लुईसा मे अल्कॉटच्या 'लिट्ल विमेन'चे 'चौघीजणी' हे भाषांतर केले. ते मराठी घरांतून ज्या प्रेमाने वाचले गेले, त्यामागे ही भूकच असली पाहिजे. मात्र अल्कॉटची ही कादंबरी घराची आहे, आईच्या छत्राखालची आहे. मराठी वाचकवर्गाने अमेरिकन मुलींच्या वाङ्मयातून जे आपलेसे केले त्यात घर होते. रँच मागे राहिली.

येथवरचे विवेचन आजोळाला मुलींच्या मोकळेपणातील अडसर ठरविते असे कोणास वाटेल. ते अपुरे आहे, कारण रँचच्या मोकळेपणाचीही किंमत कोणीतरी मोजलेली असते. बॉमच्या कादंबरीतील घर एका स्पॅनिश जमीनदाराने बांधले. आता ते गोऱ्या कुटुंबाच्या ताब्यात आहे आणि तेथे मेक्सिकन माणसे राबतात. मुली सुट्टी उपभोगू शकतात, कारण झाडांना पाणी घालणारे, स्वयंपाक करणारे, मूल सांभाळणारे हात दुसऱ्यांचे आहेत. मूल नाहीसे होताच संशयाची सुई मेक्सिकन दाईकडे किती चटकन वळते, हे पाहण्यासारखे आहे. कादंबरीला हा अन्याय दिसतो की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. मात्र जमिनीचा इतिहास तिने रहस्यकथेच्या सोयीपुरताच वापरला आहे, यात शंका नाही. जाड भिंतीत खोली सापडते, पण ती भिंत कोणी रचली हे कोणी विचारीत नाही.

कोकणातल्या वाडीविषयीच्या मराठी आठवणींनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. गिरगाव-दादरच्या पांढरपेशा लेखकांनी रंगविलेली आजोळे पुष्कळदा खोतांच्या वा बागायतदारांच्या घरांची होती. त्या वाड्यांत कुळे राबत होती. चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्याखाली 'कृषकदिन' ठरला. आजोळच्या सुट्टीची गोड वर्णने आणि या तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की काही वर्णनांतली हुरहूर गेलेल्या बालपणाची आणि काहींतली गेलेल्या जमिनीची आहे, असे दिसू लागते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकाचे मोठेपण या संदर्भात अधिक उठून दिसते. खोतघराण्याची पडती, कर्ज आणि जप्ती हे सारे त्यात मुलाच्या आठवणीत मिसळून येते. घराची आर्थिक बाजू तेथे लपवून ठेवलेली नाही. श्री. ना. पेंडसे यांनी 'रथचक्र'मध्ये (१९६२) मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाच्या घरातून बाहेर पडणारी स्त्री उभी केली. तिच्या बाजूने पाहता कोकणातील ते घर सुट्टीत परत यावे असे मुळीच नाही. प्रौढांच्या कादंबरीने जे पाहिले ते बालसाहित्याने पाहावयाचे टाळले.

माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांनी लहान मुलीच्या नजरेतून घरातल्या माणसांकडे पाहण्याची एक नवी, निर्मळ रीत मराठीत आणली. नात्यांची दिशा पुसून न टाकताही मूल त्यांच्याकडे कुतूहलाने पाहू शकते, हे त्यांतून सिद्ध होते. सुट्टीच्या कादंबरीला येथून पुढे जाता येईल, कारण परिस्थितीही पालटली आहे. दादरहून रात्री सुटणारी गाडी सकाळी कोकणात पोहोचते. पुष्कळ आजोळांना कुलपे लागली आहेत, आणि त्याच गावांत पैसे देऊन राहण्याची घरे उघडली आहेत. मुंबईची मुलगी आज वाडीत पाहुणी म्हणून, बिल भरून, कोणाचीही भाची वा नात न होता राहू शकते. वाडीची रँच झाली आहे. अशा घरात पहाटे उठून घावणे करणारी एक बाई असते, आणि वाळवणाजवळ बसलेली तिची मुलगी पुष्कळदा पाहुण्या मुलीच्याच वयाची असते. बॉमच्या कादंबरीत त्या मेक्सिकन दाईला जे मिळाले नाही ते, म्हणजे स्वतःची नजर आणि स्वतःची सुट्टी, या दुसऱ्या मुलीला देऊन कथा सुरू करता येईल.